टोपलीतला पाय

माझे पाय मोठे आहेत. रुंद, पसरट, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात दोरी मावेल एवढी फट. मला पाहायला पाहुणे आले तेव्हा मावशीनं आईच्या कानात सांगितलं होतं, पोरीचे पाय लुगड्याखाली झाक, लोक पाहून राह्यले. आईनं झाकले नाहीत. पाहुण्यांतली एक बाई तर माझ्या तोंडाकडे पाहतच नव्हती, तिची नजर सारखी खाली माझ्या पायांवर. तीच पुढं माझी सासू झाली. नाकडोळे कोणीही पाहील, तिला चालणारी सून पाहिजे होती.

आम्ही ढिवर, मासोळी धरणारी माणसं. आमचं गाव वडशाच्या अलीकडे, तलावाच्या पाळीला लागून. पुरुष जाळं टाकतात, बायका मासोळी विकतात, आणि धानाची रोवणी लागली की सगळेच दुसऱ्याच्या बांधीत, धानाच्या खाचरात, वाकतात. पण मासोळी विकणं म्हणजे वाटेल त्या गावात जाऊन ओरडणं नव्हे. आमच्यात घराघराची गावं ठरलेली असतात. सासू सुनेला पाण्याचा पितळेचा गुंड देते तशी आपली गावं देते. माझ्या सासूनं मला चार गावं दिली, चारही जंगलापल्याडची. तिथं दुसरीनं टोपली उतरवायची नाही. मात्र एक अट आहे. पावसाळ्यात तुमच्या फेऱ्या बंद पडल्या तर गावं सुटली. मग जी जाईल तिची. परत मागायला गेलं तर लोक हसतात.

मला ती गावं फार आवडायची. खोटं कशाला बोलू, घरापेक्षा जास्त आवडायची. सकाळी भरली टोपली डोक्यावर घेऊन सागाच्या जंगलातून निघायचं, अस्वलाला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं गाणं म्हणायचं, आणि गावाच्या शिवेवर पोचलं की पोट्टे ओरडायचे, मरळवाली आली, मरळवाली आली! कोणत्या घरी बाळंतीण आहे, कोणत्या घरच्या बुढ्याला काट्याची मासोळी चालत नाही, कोण पैशाऐवजी तांदूळ देते, सगळं मला तोंडपाठ. सातवी पास आहे मी. शाळेत कधी पहिला नंबर आला नाही, पण त्या चार गावांत माझाच पहिला नंबर होता.

धाकटी मुलगी झाली, तिला पाय फुटले, आणि माझे गेले. दोन्ही टाचा धरल्या. सकाळी खाटेवरून पाय खाली टेकवला की टाचेत कोणी खिळा ठोकून राह्यलं असं वाटायचं. भिंत धरून चुलीपर्यंत जायचे. जरा चालल्यावर मोकळं व्हायचं, मग जंगलातल्या मुरमाच्या रस्त्यावर पुन्हा ठोकाठोकी सुरू. डोक्यावर टोपली, टोपलीतून मानेवर गळणारं पाणी, आणि डोळ्यांतूनही पाणी. गाणं तर कधीच बंद पडलं होतं.

उपाय केले नाहीत असं नाही. तापल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेकलं. मिठाच्या पाण्यात पाय बुडवले. शेजारच्या एका शहाणीनं बिब्बा लावून दिला, तर टाच दुखायची ती दुखायचीच, वरून टरटरून फोड आला. शेवटी वडशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी टाच दाबली, मी अशी किंचाळले की बाहेरच्या बाकावरचे लोक उठून उभे राहिले. मग त्यांनी तळव्याच्या मधल्या खळगीत अंगठा रोवला आणि म्हणाले, "इथं आधार पाहिजे बाई. अनवाणी चालू नका. या जागेला आधार देईल अशी चप्पल पाहा, आणि थोडा आराम करा." माणूस चांगला होता, गोळ्याही दिल्या. पण आराम म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. पावसाळा तोंडावर आला होता. आराम केला तर गावं गेली!

घरात हे कळायला वेळ लागला नाही. धाकटी जाऊ मोठ्या प्रेमानं म्हणाली, "बाई, तुमी बसा न घरी या पावसाळ्यात. मी जात जाईन तुमच्या गावाले."

तिचं बोलणं इतकं गोड होतं की मला तोंड धुवावंसं वाटलं. मी म्हटलं, "तू आपलं पाह्य. माही गावं अजून माह्या पायावर उभी आहेत."

म्हणून तर दिलं, पण उभी होते ती भिंत धरून.

आता चप्पल घ्या म्हणणं सोपं आहे. आमच्या गावात त्या दिवसांत बाईच्या पायात काही असलंच तर साधी रबरी स्लिपर, आणि तीही घरापासून चावडीपर्यंत. चावडीवर गावची बुढी माणसं बसलेली. त्यांच्यात माझे सासरे, आणि तेही मधोमध. सुनांनी चावडीपुढं आलं की पायातलं काढायचं, हातात घ्यायचं, मान खाली घालून पलीकडं जायचं, मग पुन्हा घालायचं. डोक्यावर टोपली असली तरी सुटका नाही. पाठ ताठ ठेवून गुडघ्यात खाली बसायचं, चप्पल उचलायची, तशीच उठायची. तो चावडीपुढचा दगडधोंड्यांचा तुकडा माझ्या टाचेला अख्ख्या जंगलापेक्षा भारी जायचा. आणि त्याहून भारी सासूचं तोंड. ती जन्मभर अनवाणी चाललेली. मी डॉक्टरांचं सांगितलं तर म्हणाली, "आमी का मेलो का अनवाणी? आता सुना पायात मोटारगाडी घालून मच्छी विकतीन!"

मी ऐकलं आणि वडशाला चपलांच्या दुकानात गेले. टोपली बाहेर ठेवली होती तरी दुकानदाराचं नाक वर गेलं. जाऊ दे, नाक त्याचं. बायकांची सँडल दाखवा म्हटलं तर त्यानं काढली काय, तर चंदेरी, टिकल्या लावलेली, खाली उंच टाच.

"भाऊ," मी म्हटलं, "हाय तीच टाच दुखून राह्यली, अन् तुमी अजून एक टाच जोडून देऊन राह्यले?"

तो हसला, मग जरा माणसात आला. स्पंजची मऊ चप्पल दाखवली. पाय घातला आणि अहाहा! दुकानात चार पावलं चालले, जणू लोण्यात पाय. घेऊन आले. जंगलाचा मुरूम आणि डोक्यावरचा भार, दोघांनी मिळून महिन्याभरात तिची भाकरी केली. पुन्हा गेले. या खेपेला पुरुषांची पट्ट्याची सँडल घेतली. लांबीला बरोबर बसली, पण मधला उंचवटा भलत्याच जागी टोचायचा, आणि टोपलीचं पाणी गळून पाय आतल्या आत असा घसरायचा की मी रस्त्यानं चालते का तलावात पोहते, मलाच कळेना. वर रस्त्यातली माणसं विचारायची, का वो, नवऱ्याची सँडल घालून आली का? एकाला सांगितलं, हो, आणि त्याला माझं लुगडं नेसवून आली. पुन्हा कोणी विचारलं नाही.

रोवणी लागली. मी लोकांच्या बांधीत रोवायला जात होते आणि दिवसाआड कसंबसं एखादं गाव करत होते. एक दिवस दुपारी पोटरीभर चिखलात उभी होते, हातात पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी, आणि एकदम लक्षात आलं, टाच दुखत नाही! आजूबाजूच्या बायका कमरेच्या नावानं रडत होत्या आणि मी आपली पाय हलवून पाहत होते. पाय काढून धुऱ्यावर, कोरड्या बांधावर, ठेवला, खिळा हजर. परत चिखलात घातला, खिळा गायब. पुन्हा काढला, पुन्हा घातला.

शेजारची म्हणाली, "का वो, नाचून राह्यली का?"

मी वाकून पाहत होते. पाय उचलला की चिखलात त्याची जागा क्षणभर तशीच राहायची आणि मग पाणी भरायचं. टाचेपाशी खोल, बोटांपाशी खोल, आणि मध्ये चिखल वर आलेला. डॉक्टरांनी अंगठा रोवला होता बरोबर तिथं. मला जी चप्पल दुकानात मिळत नव्हती ती इथं बांधीत होती आणि मी रोज ती तुडवून घरी जात होते. असा राग आला मला माझा! आणि त्याहून जास्त आनंद झाला. मी उभ्या उभ्या एवढ्या मोठ्यानं हसले की मालकीण धुऱ्यावरून ओरडली.

दुसऱ्या दिवशी तलावाच्या पाळीखालची काळी चिकणमाती दोन घमेल्यांत भरली. एकात उजवा पाय दाबला, एकात डावा. वाटेत मोडायला नको म्हणून चुलीपाशी ठेवून चांगली खडखडीत वाळवली. मग टोपलीत पळसाची पानं अंथरली, त्यावर ते दोन्ही पाय ठेवले, आणि वडशाच्या आठवडी बाजाराला निघाले. त्या दिवशी टोपलीत मासोळी नव्हती. माझेच पाय माझ्या डोक्यावर होते.

बाजाराच्या टोकाला चिंचेखाली एक मोचीभाऊ बसायचा. टायरच्या चपला, बैलांचे पट्टे, छत्रीचं कापड, जे येईल ते शिवायचा. त्याचा साळा भद्रावतीकडं कोळशाच्या खाणीत होता. खाणीत कोळसा वाहून नेणारा रबराचा रुंद पट्टा असतो, तो झिजला की टाकून देतात, त्यातले तुकडे ह्याच्याकडं यायचे. चिवट असे की सुरी रडायची. मी टोपली उतरवली, पानं बाजूला केली. त्यानं आत पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"बाई," तो म्हणाला, "लोकं पाय घेऊन येतात माह्याकडं, पण टोपलीत घेऊन आलेली तूच पह्यली."

"हसू नको भाऊ. याच्यात बसन असा तळ बनव. मधातला उंचवटा जसाच्या तसा पाह्यजे. अन् मागून बक्कल. पाय सुटाले नाई पाह्यजे."

"चामड्याचे पट्टे?"

"मच्छीच्या पाण्यानं कुजून जातीन. रबराचेच लाव."

त्यानं साच्यात बोटं घालून पाहिली, स्वतःशीच काहीतरी पुटपुटला, आणि होय म्हणाला. मी त्याला पुढच्या बाजारी मोठी मरळ आणून द्यायचं कबूल केलं. घरी येताना टाच दुखत होती, पण मी तिला म्हटलं, दुख किती दुखायचं ते, आठ दिवस राहिले तुझे.

पुढच्या बाजारी मरळ घेऊन गेले. सँडल पाहिली आणि खूश झाले. काळी, भक्कम, खाली पट्ट्याचं जाड रबर, मध्ये ट्यूबच्या चिकटवलेल्या थरांचा उंचवटा, मागं चकचकीत बक्कल. पाय घातला. बोटं बाहेर!

"भाऊ, हे कोणत्या पोट्टीचं माप?"

"तुह्याच पायाचं, बाई. हे पाह्य." त्यानं साचा काढून पुढं ठेवला.

मी साच्यात पाय ठेवला. माझ्याच पायाच्या ठशात माझाच पाय मावेना. अंगठा पलीकडं, टाच अलीकडं. आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडं पाहत राहिलो. मग मला उमगलं आणि मी कपाळावर हात मारला. उन्हाळ्यात तलाव आटतो, गाळ सुकतो, आक्रसतो, हातहातभर भेगा पडतात. तलावाच्या काठी जन्म गेला, दरवर्षी पाहते, आणि मी माझा पाय चुलीपाशी बसून निवांत आटवून आणला होता! मोचीभाऊही कपाळ बडवून हसायला लागला. त्यालाही कुठं सुचलं होतं! आजूबाजूचे विचारू लागले का झालं, तर तो सांगे, "बाईनं पाय धुवून वाळत घातले, ते आखडले."

तो जोड मी घरी आणला आणि अंगणात भिरकावला. रडू येत होतं. पावसाळा संपायला आला नव्हता, पण पाय संपत आले होते. मधल्या दिवसांत दोन वेळा मी अर्ध्या जंगलातून परत फिरले होते, आणि जाऊनं माझी टोपली धुऊन उन्हात उलटी घालून ठेवली होती. टोपली अशी उलटी घालतात ती काम संपल्यावर. मी ती रागानं सुलटी केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी भरून मागच्या दारानं आले. गोठ्याच्या भिंतीला हात लावून सासू उभी होती. डोळे मिटलेले. पायात माझी ती सँडल. आणि अशी बसली होती की माप तिचंच घेतलं असावं!

"आत्याबाई?"

ती दचकली. "पाहून राह्यलो, कसं बनवलं मुडद्यानं." पण पाय काही काढले नाहीत.

मग तीच बोलली, माझ्याकडं न पाहता. "तुले का वाटते, टाचा तुलेच देल्ल्या देवानं?"

मला काही कळेना.

"मी गावं काऊन देल्ली तुले एवढ्या लवकर? तुह्यावर लय जीव होता म्हणून? मले चालवत नव्हतं वो. त्या मुरमाच्या रस्त्यावर बसून रडलो मी. सागाले मिठी मारून रडलो. तुले पाहाले आलो तं तुहे पाय पाह्यले, म्हटलं ही जाईन."

मला इतका राग आला की घागर खाली ठेवताना अर्धी सांडली. "मंग सांगितलं काऊन नाई? मी भिंत धरून चालून राह्यली, तुमी पाहून राह्यल्या, अन् वरून मोटारगाडी म्हणता!"

"कोणाले सांगू?" ती म्हणाली. "मी माह्या सासूले सांगितलं होतं. ती का म्हणाली माहीत आहे? आमी का मेलो का अनवाणी."

मग आम्ही दोघी हसलो. हसता हसता ती रडली, मी पण. माझ्या सासूला मी तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं. तिनं लुगड्यानं नाक पुसलं आणि एकदम नेहमीसारखी झाली, म्हणजे खेकसली. "अन् तू येडी! ठसा देल्ला तं रिकाम्या डोस्क्यानं काऊन देल्ला? भरली टोपली घेतली की पाय केवढा पसरते! ओझं घेऊन दे ठसा. अन् वाळवू नको, मुडदे!"

त्याच संध्याकाळी अंगणात आमची सर्कस झाली. घमेल्यांत ओली चिकणमाती. माझ्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, आणि नवरा टोपलीत तलावाची ओली रेती भरून राह्यला. सासू बाजूला उभी राहून हुकूम सोडत होती, "अजून टाक. एवढीच मच्छी नेते का ती? अजून टाक!" नवरा म्हणाला, "माये, रेतीनं मान गेली तं साचा माह्या कामाचा नाई." मी हसले तर टोपली हलली, तर दोघंही माझ्यावर ओरडले. मग मी एक एक पाय असा ठेवला, जसा गावाच्या शिवेवर ठेवते. साचा पाहिला. पहिल्यापेक्षा बोटभर रुंद. मला त्या ठशाचा फार अभिमान वाटला. राजाराणीचे पाय दगडात कोरतात म्हणे, माझे घमेल्यात होते, पण ओझ्यासकट होते.

ओल्या गोणपाटात गुंडाळून नवऱ्यानं ते सायकलच्या कॅरिअरला बांधले. वाटेत कोणीतरी विचारलं, का घेऊन चालला? हा म्हणाला, "बायकोचे पाय." आणि न थांबता पुढं गेला. ही गोष्ट तो अजून सांगतो, दर वेळी विचारणारा माणूस वेगळा असतो.

या खेपेला मोचीभाऊनं माती ओली असतानाच माप काढलं. सँडल पायात घातली आणि मी बाजारात उभी राहिले. उभीच राहिले. बांधीतला चिखल आता कोरडा होऊन माझ्या पायाखाली आला होता. लगेच सगळं बरं झालं असं नाही. सुरुवातीला उलट तळवाच दुखला, उंचवटा एकदा त्यानं खरडून कमी केला, एकदा माझ्या भांडणानं पुन्हा वाढवला. सकाळचा खिळा तर आजही कधी कधी हजेरी लावून जातो. पण जंगल पार व्हायला लागलं. पुढं आमच्या कितीतरी बायका त्याच्याकडं गेल्या, आणि कोणी आली की तो आधी विचारायचा, माती ओली आहे का? माझी जाऊही गेली. मला न सांगता गेली, पण जाऊ दे, टाचा तिलाही आहेत.

पण हे सगळं पुढचं. सँडल आली तेव्हा पावसाळा अजून बाकी होता. तलाव भरलेला, मासोळी भरपूर निघालेली, टोपली गच्च. पहिल्यांदाच पूर्ण भार घेऊन त्या सँडलवर निघायचं होतं, चारही गावं करायची होती. सासू म्हणाली, "शिवेपर्यंत येतो मी." मी टोपलीखाली होते, तिच्या पायांकडं लक्ष गेलं नाही.

चावडी आली आणि माझ्या ध्यानात आलं, बक्कल! साधी चप्पल गुडघ्यात बसून काढता येते. मागून बक्कल लावलेली सँडल डोक्यावर भरली टोपली असताना कोण सोडणार? हे मला ठसा देताना सुचलं नाही, मोचीला सुचलं नाही, कोणालाच नाही. मग वाटलं, नाही सुचलं तेच बरं झालं. मी चालत राहिले.

चावडीवरून एक म्हातारा बोललाच. "का वो सुनबाई, पायातलं काढाची रीत विसरली का?"

मी थांबले. "नाई विसरली, मामाजी. आता काढतो. बक्कल आहे, तं टोपली उतरवा लागते. या कोणी, टोपली उतरवा. मी काढतो, पलीकडं जातो, मंग पुन्हा डोक्यावर चढवून द्या."

टोपलीतून पाणी टपटप गळत होतं. चावडीवर सगळ्यांची धुतलेली धोतरं. कोणी जागचं हललं नाही. जो बोलला होता तो तंबाखू मळू लागला. माझे सासरे मधोमध बसलेले, नजर जमिनीवर. मला माहीत होतं, ते एक शब्द बोलले असते तर मी तिथंच टोपली उतरवली असती, आणि मग त्या पावसाळ्यात पुन्हा उचलली नसती.

तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला. फटक, फटक, फटक. सासऱ्यांनी मान वर केली. त्यांची नजर माझ्यावरून माझ्या मागं गेली आणि तिथंच अडकली.

"बुढे," ते म्हणाले, "पट्टा लोंबून राह्यला तुहा. लाव. पडशीन."

"मले वाकता येत नाई," माझी सासू म्हणाली. भर चावडीत, नवऱ्याला! "एवढा डोळ्यात खुपते तं तुमीच लावा."

चावडीवर कोणीतरी फस्सकन हसलं. पुढं काय झालं ते मी पाहिलं नाही. डोक्यावर भरली टोपली असली की मागं वळून पाहता येत नाही. मी जे चालत सुटले ते जंगलात शिरेपर्यंत थांबले नाही, आणि जंगलात शिरल्यावर माझ्या लक्षात आलं की मी गाणं म्हणून राह्यली आहे.

चारही गावं केली. शेवटच्या गावात पोट्टे ओरडले, मरळवाली आली! एका म्हातारीनं विचारलं, "कुठी होती वो एवढे दिवस? दुसरी कोणी येते म्हणत होते." मी म्हटलं, "कोणी येत नाई. मीच येतो." आणि टोपली रिकामी करून दिवस असतानाच घरी आले.

सासू पडवीत बसली होती, पाय पुढं पसरून, माझी ती आखडलेली सँडल पायातच.

"आत्याबाई, अजून काढली नाई?"

"काढू कशी? पाह्य."

मी जवळ बसले. डाव्या पायाचं बक्कल नुसतं लोंबत होतं. सासऱ्यांनी जन्मात कधी बक्कल लावलं नव्हतं. त्यांनी पट्ट्याच्या भोकातून जाळ्याचा दोरा ओवला होता आणि जाळ्याची गाठ मारली होती, पाण्यात ओढली की आवळत जाणारी, मोठ्या कतला मासोळीलाही न सुटणारी. चावडीपुढं, सगळ्यांसमोर, खाली बसून मारली असणार. त्याशिवाय अशी गाठ बसत नाही.

मी नखांनी ती सोडवायला लागले. तिनं पाय मागं घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "उद्या मी येतो तुह्यासंग. माही गावं पाहाले."